एअर फ्रायरमध्ये खिम्याचे गोळे : पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

एअर फ्रायर घरात आला की आधी त्यात बटाट्याच्या काचऱ्या होतात, मग पापड, मग शेंगदाणे, आणि कधीतरी एका रविवारी खिम्याची पाळी येते. कढईत गोळे तळायची सवय असलेला माणूस तोच खिमा, तोच मसाला घेतो, गोळे वळून आत ठेवतो आणि पंधरा मिनिटांनी तडे गेलेले, कोरडे, तोंडात भुसभुशीत लागणारे गोळे बाहेर काढतो. मग सगळा राग यंत्रावर निघतो. खरी गोची परातीत झालेली असते. कढईसाठी मळलेलं मिश्रण इथे चालत नाही. खिमा कोणता घ्यायचा, त्यात काय घालायचं आणि तो किती मळायचा, हे जमलं की यंत्राचं काम जेमतेम बारा मिनिटांचं. म्हणून पुढे यंत्रापेक्षा परातीबद्दलच जास्त लिहिलं आहे.

यंत्र आत काय करतं

फिलिप्स कंपनीने २०१० साली बर्लिनच्या इफा प्रदर्शनात एअर फ्रायर बाजारात आणला. नावात तळणं असलं तरी आत आहे ती छोटी भट्टी: वर तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा आणि खाली जाळीचा डबा. पंखा गरम हवा जोरात फिरवतो, त्यामुळे पदार्थाच्या वरचं पाणी झपाट्याने उडतं आणि तो लवकर तांबूस होतो. पण तीच हवा आतला ओलावाही ओढत असते. कढईत तेल गोळ्याला सगळीकडून वेढतं आणि दोन-तीन मिनिटांत कवच धरतं. इथे बाहेरून तेल येणार नाही, तेव्हा गोळ्याने आपली चरबी आणि आपलं पाणी बरोबर घेऊनच आत जायला हवं. पुढची सगळी कृती या एका गोष्टीभोवती फिरते.

(जाता जाता: बेसनाच्या पातळ पिठात बुडवून काही यात ठेवू नका. पीठ धरायच्या आत जाळीतून खाली गळतं. बटाटेवड्याला कढईच हवी.)

विजेचं एक पाहून घ्या. बहुतेक घरगुती एअर फ्रायर १४०० ते १७०० वॉटचे असतात. २३० व्होल्टवर १५०० वॉट म्हणजे साधारण साडेसहा अँपिअर, आणि पंखा-दिव्याचं छोटं सॉकेट असतं ६ अँपिअरचं. तेव्हा मिक्सरच्या शेजारचं छोटं सॉकेट आणि वर एक्स्टेंशन बोर्ड, असली जोडणी नको. १६ अँपिअरचं मोठं सॉकेट वापरा. मागून गरम हवा बाहेर पडते, म्हणून यंत्र भिंतीला चिकटवून ठेवू नका. चार-पाच बोटं जागा सोडा.

खिमा आणताना

आपल्याकडे मटण म्हणजे बहुधा बोकडाचं, आणि बोकडाच्या मांसात चरबी मुळात कमी. मांडीचा निव्वळ लाल खिमा दिसायला छान, पण एअर फ्रायरमध्ये त्याचे गोळे हमखास कोरडे होतात. दुकानात गेल्यावर खांद्याचं मांस घ्या आणि खिमा काढताना थोडी चरबी त्यातच टाकायला सांगा. पाच वाट्यांत एक वाटी चरबी, हा हिशेब डोक्यात ठेवा. ‘बिनचरबीचा द्या’ ही सवयीने तोंडात आलेली सूचना आजच्या दिवस गिळायची. खिमा दोनदा काढून मागा. पहिल्या फेरीत राहिलेल्या शिरा दुसऱ्या फेरीत तुटतात. सुऱ्याने कुटलेला जाडसर खिमा पावाबरोबर खायच्या रस्सेदार खिम्याला उत्तम, पण गोळ्यात तो सुटा सुटा राहतो.

इटली, स्वीडन किंवा अमेरिकेतल्या मीटबॉलच्या कृती बऱ्याचदा बीफ आणि पोर्क मिसळून केलेल्या असतात. त्यात चरबी पुरेशी असते, म्हणून तिथे वेगळी घालायला सांगत नाहीत. तीच कृती बोकडाच्या खिम्यावर जशीच्या तशी उतरवली तर फसते. परदेशात राहणाऱ्यांना सुपरमार्केटमध्ये मेंढीचा खिमा मिळतो, तो मुळातच बऱ्यापैकी चरबीचा असतो. त्यांनी खाली सांगितलेलं जादा तूप गाळावं. गोव्यात किंवा जिथे पोर्क मिळतं आणि चालतं, तिथे अर्धा खिमा पोर्कचा घेतला तर कोरडेपणाचा प्रश्नच मिटतो.

आता धुण्याबद्दल. आपल्या बहुतेक घरांत खिमा चाळणीत घेऊन नळाखाली धुतात. गोळे करायचे असतील तर तो धुवू नका. धुतलेला खिमा पाणी धरून ठेवतो, मिश्रण सैल होतं, यंत्रात ठेवल्यावर ते पाणी वाफ होऊन गोळ्याला फोडतं. शिवाय धुतल्याने जंतू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर सिंकभर पसरतात. जंतू मरतात ते शिजवल्याने. मनाला पटतच नसेल तर अख्खे तुकडे धुऊन, फडक्याने कोरडे टिपून, मग खिमा काढून घ्यावा.

साहित्य (साधारण वीस गोळे, चार माणसांना)

मटणाचा खिमा अर्धा किलो
शिळा लादीपाव १, मोठा (किंवा पांढऱ्या ब्रेडच्या दोन स्लाइस)
दूध ४ टेबलस्पून
कांदा १ मध्यम
अंडं १
आलं-लसूण वाटण १ टेबलस्पून
हिरव्या मिरच्या २, कोथिंबीर मूठभर
मालवणी किंवा कांदा-लसूण मसाला २ टीस्पून
गरम मसाला अर्धा टीस्पून, हळद पाव टीस्पून
मीठ १ टीस्पून, सपाट
तूप १ ते २ टेबलस्पून, फ्रीजमधलं घट्ट (खिमा कमी चरबीचा असेल तरच)
वरून लावायला तेल २ टीस्पून

कांदा-लसूण मसाल्यात बहुतेक वेळा मीठ असतंच. तो वापरत असाल तर वेगळं मीठ पाऊण टीस्पूनच घाला.

मिश्रण

पावाची वरची तांबडी साल काढा, आतला भाग कुस्करून दुधात दहा मिनिटं भिजत ठेवा आणि चमच्याने दाबून त्याची खीर होऊ द्या. पाव मिश्रण वाढवायला घालतात असा समज आहे, पण त्याचं मुख्य काम वेगळं. मांस तापलं की आकसतं आणि आपलं पाणी पिळून बाहेर टाकतं. भिजलेल्या पावातला स्टार्च ते पाणी जागच्या जागी धरून ठेवतो. मांसाचे धागे एकमेकांना घट्ट चिकटून रबरासारखे होत नाहीत तेही यामुळेच. कोरडा ब्रेडचुरा टाकला तर तो उलट खिम्यातलंच पाणी पितो. दूध नको असेल तर ताक किंवा साधं पाणीही चालतं.

कांदा अगदी बारीक चिरून थोड्या तेलात गुलाबी परता आणि पूर्ण गार करा. कच्चा कांदा मीठ लागताच पाणी सोडतो आणि तो जिथे जिथे असेल तिथे गोळ्याला चीर पडते. घाई असेल तर कच्चा किसून, मुठीत पिळून, कोरडा झालेला घ्या. पण परतलेल्याची गोडी त्याला येत नाही.

आता परातीत खिमा घ्या. तो फ्रीजमधून नुकता काढलेला, गार असायला हवा. त्यात आधी फक्त मीठ घाला आणि तळव्याने दाबत मिनिटभर मळा. मीठ लागून मांसातलं प्रथिन सुटं होतं आणि खिमा चिकट होऊ लागतो. हाच तुमचा गोंद. चिमूटभर खिमा तळहातावर दाबून हात उपडा करा: पडला नाही, तर झालं. खिमा कोमट असेल तर चरबी विरघळून हाताला लागते आणि चिकटपणा येत नाही. एप्रिल-मेमध्ये परात दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून घेतली तर फार फरक पडतो.

त्यानंतर पाव-दूध, कांदा, फेटलेलं अंडं, वाटण, मिरची, कोथिंबीर, मसाले आणि तूप घालून बोटांनी हलकेच कालवा. इथे कणकेसारखं मळत बसू नका. जास्त मळलेला गोळा दाताखाली चेंडूसारखा उसळतो. मिश्रण मऊ, किंचित ओलसर, पण हाताने आकार धरणारं असावं. फारच सैल वाटलं तर पंढरपुरी डाळ्याची पूड चमचाभर घाला. कॉर्नफ्लोर घालून बघणारे पुष्कळ आहेत. मला त्याचा गुळगुळीतपणा खिम्यात आवडत नाही.

कच्ची पपई घालू नका. ती सीख किंवा गलौटी कबाबाच्या मऊपणासाठी वापरतात, पण तिच्यातलं एन्झाइम खिम्याचा लगदा करतं आणि मग गोळा उभा राहत नाही. कच्च्या आल्यातही तसलंच, थोडं सौम्य एन्झाइम असतं, म्हणून कालवलेलं मिश्रण रात्रभर ठेवण्यापेक्षा तासा-दोन तासांत वापरलेलं बरं.

चव पाहायची तर कच्ची नको. सुपारीएवढं मिश्रण चपटं करून तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजा आणि खाऊन बघा. मीठ-तिखट कमी असेल तर आत्ताच कळतं, नंतर काही करता येत नाही.

वळणं

हाताला तेल लावून मध्यम लिंबाएवढे, म्हणजे ३५ ग्रॅमच्या आसपासचे, गोळे वळा. वजनकाटा असेल तर पहिले दोन मोजून घ्या, पुढचे अंदाजाने येतात. आकार सारखा हवा, नाहीतर लहान करपतील आणि मोठे कच्चे राहतील. दोन्ही तळव्यांत हलक्या दाबाने फिरवा, वरची भेग बोटाने सारखी करा. मग ताटात मांडून वीस ते तीस मिनिटं फ्रीजमध्ये. चरबी पुन्हा घट्ट होते आणि गोळे जाळीवर बसून चपटे होत नाहीत.

यंत्रात

एअर फ्रायर १९० अंश सेल्सियसवर तीन-चार मिनिटं रिकामाच तापवा. बेकिंग पेपर वापरणार असाल तर तो यावेळी आत नको. वर वजन नसलेला कागद पंख्याच्या वाऱ्याने उडून कॉइलला चिकटतो आणि पेटूही शकतो. खरं तर गोळ्यांना कागदाची गरज नाही. जाळीच्या भोकांतून खालूनही हवा लागावी म्हणून तर हा सगळा खटाटोप. जाळीला ब्रशने तेल पुसा, गोळ्यांनाही वरून पुसट तेल लावा. तेलाचे गॅस भरलेले स्प्रे नको. त्यातल्या इतर घटकांचा चिकट थर नॉनस्टिकवर बसतो आणि घासून जात नाही.

गोळे एकाच थरात, एकमेकांपासून बोटभर अंतरावर ठेवा. चार लिटरच्या डब्यात बारा-चौदा मावतात. वीसच्या वीस कोंबले तर हवा फिरत नाही, गोळे आपल्याच वाफेत उकडतात आणि राखाडी निघतात. उरलेले फ्रीजमध्येच राहू द्या, दुसरा घाणा करा.

चरबीचा खिमा असेल तर जाळीखालच्या भांड्यात दोन-तीन चमचे पाणी घाला. टपकलेली चरबी तापल्या धातूवर जळून धूर करते, तो पाण्याने थांबतो. जाळी भांड्यापासून सुटी होत नसेल, तर पहिला घाणा झाल्यावर साठलेली चरबी पुसून मग दुसरा लावा.

१९० अंशांवर सहा-सात मिनिटं झाली की डबा बाहेर ओढा आणि चिमट्याने एकेक गोळा उलटा. डबा गदागदा हलवायची पद्धत बटाट्याला ठीक, मऊ गोळ्यांना नाही. आणखी चार-पाच मिनिटं. डब्याऐवजी ट्रे असलेला, ओव्हनसारखा एअर फ्रायर असेल तर दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. यंत्रावरच्या ‘मीट’ बटणावर विसंबू नका. ते खिम्याच्या गोळ्यांसाठी केलेलं नसतं.

झाले की नाही

अख्ख्या तुकड्यात जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात. खिमा काढताना ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून मटणाची चाप आतून गुलाबी चालते, गोळा चालत नाही. मधोमध मटण किंवा पोर्कचा गोळा ७१ अंश आणि चिकनचा ७४ अंश सेल्सियस झाला पाहिजे. सुईसारखा टोचायचा थर्मामीटर घरात असावा, या मताचा मी आहे. एअर फ्रायरवर हजारो रुपये खर्च करून या लहानशा वस्तूवर वाचवणं मला समजत नाही. सुई बाजूने, सगळ्यात मोठ्या गोळ्याच्या पोटात घाला.

थर्मामीटर नसेल तर एक गोळा मोडून पाहा: आत मध्यापर्यंत घट्ट, वाफ येणारा, रस लाल नसलेला. नुसत्या रंगावर जाऊ नका, कारण लाल तिखट आणि हळद रंग लपवतात, आणि काही खिमा पूर्ण शिजायच्या आधीच तपकिरी दिसतो. शंका असेल तर दोन मिनिटं आणखी. पाव-दूध घातलेला गोळा दोन मिनिटांनी वाळत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

काढल्यावर तीन-चार मिनिटं ताटात राहू द्या. लगेच कापलात तर रस ताटात जातो.

चिकनचा खिमा असेल तर

ब्रेस्टचा खिमा घेऊ नका, तो कोरडा पडतो. बोनलेस मांडी घ्या. दुकानदार खिमा काढून देत नसेल तर तुकडे अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून कडक करा आणि मिक्सरमध्ये बटण थांबवत थांबवत फिरवा. सलग फिरवलं तर पेस्ट होते. चिकन मुळातच मऊ, म्हणून अंडं गाळा आणि दूध एक चमचा कमी करा. हात जास्त चिकट होतो, तेल लावत राहा. तापमान तेच, वेळ दहा ते बारा मिनिटं. गोळ्यांवर पांढरट दाणे फुटलेले दिसले तर घाबरू नका. ते गोठलेलं प्रथिन आहे, पुसून टाकलं तरी चालतं.

रश्श्यात सोडायचे असतील तर

कांदा-लिंबू आणि हिरव्या चटणीबरोबर ते असेच संपतात, पण माझ्या मते या गोळ्यांची खरी जागा रश्श्यात आहे. कच्चे कोफ्ते उकळत्या रश्श्यात सोडताना ते फुटतील ही धाकधूक असते. एअर फ्रायरमध्ये कवच धरलेल्या गोळ्यांना ती नाही, शिवाय भाजल्याचा खमंगपणा रश्श्यात उतरतो. यासाठी गोळे आठच मिनिटं भाजा. आतून थोडे कच्चे असले तरी पुढे शिजणार आहेत, मात्र मधल्या वेळात बाहेर ठेवून देऊ नका, लगेच रश्श्यात घाला.

रस्सा तुमच्या घरचा. भाजलेल्या सुक्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण, आलं-लसूण, मसाला तेल सुटेपर्यंत परतून, गरम पाणी घालून एक उकळी आणा. मग आच मंद करून गोळे सोडा आणि झाकण ठेवून दहा मिनिटं शिजवा. रस्सा नेहमीपेक्षा थोडा पातळ ठेवा, कारण गोळे त्यातलं पाणी पितात. ढवळू नका, पातेलं कडांना धरून हलवा. भाजताना जाळीखाली साठलेली चरबी, पाणी घातलं नसेल आणि करपली नसेल, तर फोडणीत घाला. भाकरीबरोबर खा, किंवा दुसऱ्या दिवशी उरलेले पावात भरा. मालवणी-कोल्हापुरीऐवजी इटालियन करायचं तर मसाल्याच्या जागी मिरपूड, लसूण आणि किसलेलं चीज घालून हीच कृती टोमॅटोच्या सॉसमध्ये चालते.

काही बिघडलंच तर

तडे गेले असतील तर बहुधा कांदा ओला होता किंवा वळताना भेग राहिली. चपटे झाले तर मिश्रण कोमट होतं. फिके राहिले तर डबा भरगच्च होता किंवा वरून तेल लावलेलं नव्हतं. असे फिके गोळे २०० अंशांवर दोन मिनिटं ठेवून सुधारतात. कोरडे झालेल्यांना मात्र रस्सा हाच उपाय.

ठेवणं आणि स्वच्छता

शिजलेले गोळे बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक तासच. बंद डब्यात फ्रीजमध्ये तीन दिवस राहतात. परत गरम करताना १७० अंशांवर चार-पाच मिनिटं पुरतात, मधोमध वाफाळते गरम झाले पाहिजेत. मायक्रोवेव्हमध्ये कवच मऊ पडतं.

कच्चे साठवायचे असतील तर ताटात सुटे मांडून फ्रीझरमध्ये दगड होऊ द्या, मग पिशवीत भरा. महिना-दोन महिने चव टिकते. ते वितळवत बसायची गरज नाही. थेट १८० अंशांवर चौदा ते सोळा मिनिटं भाजा, अर्ध्यात उलटा आणि शेवटी थर्मामीटर लावा.

डबा गरम असतानाच थंड पाण्याखाली धरू नका. कोमट झाला की गरम पाणी आणि भांड्याचा साबण घालून अर्धा तास भिजवा आणि मऊ स्पंजने धुवा. तारेची घासणी लावली की नॉनस्टिक गेलंच समजा. वरच्या कॉइलवर उडालेली चरबी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही आणि पुढच्या वेळी केक केला की त्याला मटणाचा वास येतो. प्लग काढून, यंत्र पूर्ण गार झाल्यावर ते आडवं करा आणि कॉइल ओल्या फडक्याने पुसून, कोरडी होऊ देऊन मगच पुन्हा लावा.